२ नंबरची इग्निशन कॉइल पुन्हा पुन्हा जाते, दोष शोधायचा कुठे?

प्रश्न (घाटरस्ता):
चार सिलिंडर, १.२ लिटर पेट्रोल, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. गाडी इंदूरला. १४ महिन्यांत २ नंबरची तिसरी कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी). कोड दरवेळी पी०३०२, म्हणजे २ नंबरचा सिलिंडर मिसफायर. सीएनजीवर भेरूघाट चढताना झटके, मग चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पेट्रोलवर टाकली की कमी होतं. प्लग ३०,००० किमी चाललेले. गॅरेजवाले ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतायत. त्याआधी काय तपासू?

स्पॅनर चौदा:
ईसीएमला एवढ्यात हात लावू नका, भिया. बॅटरी, अल्टरनेटर, इंजिनची अर्थिंग चारही कॉइलना सारखीच असते. जाते एकटी २ नंबरची, म्हणजे खोट बहुधा तिथल्या प्लगात, प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) नाहीतर कॉइलच्या कनेक्टरात.

कॉइल उपसून विहिरीत टॉर्च मारा. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळीचं सील गेलंय. तेलाने बूटचं, म्हणजे कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या टोपीचं, रबर फुगतं, मऊ पडतं. प्लग सोडण्याआधी तेल टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. मग प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का बघा. असली तर ठिणगी बाहेरून पळतेय. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एकच बदललात तर जुना नव्याला घेऊन जातो.

प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा. सीएनजीला ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी. पेट्रोलचा १.० ते १.१ मिमी गॅप झिजून १.३ झाला की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. सीएनजीवर साधारण ०.८ ठेवतात, पण किटच्या पुस्तकातला आकडा धरा.

मल्टीमीटर:
आधी अदलाबदल करा: २ ची कॉइल ३ वर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल मेलेली, पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) सहसा आतच असतो, तिथे ओहम मोजून काही कळत नाही.

कनेक्टरच्या सप्लाय पिनवर २१ वॅटचा बल्ब लावा, दुसरं टोक इंजिनला. इग्निशन चालू ठेवून वायर हलवा. ३ नंबरपेक्षा मंद जळला किंवा फडफडला तर पिन सैल आहे. नुसतं मीटर लावलं तर सैल पिनवरही १२ व्होल्ट दिसतात, फसू नका. आणि चालू इंजिनवर कॉइल उचलून ठिणगी बघायची सवय असेल तर ती सोडा. चांगली कॉइल तिथेच मरते.

घाटरस्ता:
विहिरीत तेल आहे, प्लगचा षटकोन बुडेल एवढं. काळी रेघही आहे. गॅप १.३. बाकीच्या तीन विहिरी कोरड्या.

स्पॅनर चौदा:
मग पॅकिंग सीलसकट, चारही प्लग, २ ची कॉइल बूटसकट, याच क्रमाने. विहीर ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने पूर्ण वाळवा. बूटच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात, बस. पॅकिंग राहू दिलंत तर चौथी कॉइल आत्ताच घेऊन ठेवा. आणि दिवा लुकलुकत असताना घाट रेटू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाळतं.