चेतापेशींच्या पटलावरील टर्बियमची चमक नेमके काय सांगते?

प्रश्न:
चेतापेशींच्या पटलावर (पेशीच्या बाह्य आवरणावर) कॅल्शियम कुठे बसते, हे मला अभ्यासायचे आहे. कॅल्शियम स्वतः चमकत नाही, म्हणून टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचा जवळपास त्याच आकाराचा त्रिभारित (तीन धनभारांचा) आयन वापरण्याचे मार्गदर्शकांनी सुचवले. मेंदूच्या ऊतीपासून वेगळ्या केलेल्या पटलांमध्ये टर्बियम क्लोराइड घालून २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला, की ५४५ नॅनोमीटरला हिरवी चमक मिळते. मात्र फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) क्युव्हेट, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक कुपीतले मिश्रण, दुधासारखे गढूळ झाले. चमक जितकी जास्त, तितक्या कॅल्शियमच्या जागा जास्त, असे मानावे का?

उत्तर १:
कृपया तसे मानू नका. टर्बियम स्वतः प्रकाश फारच कमी शोषतो. २८० नॅनोमीटरचा प्रकाश प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले शोषतात व ती ऊर्जा अगदी लगतच्या टर्बियमला देतात. त्यामुळे फॉस्फॅटिडिलसेरीनसारख्या ऋणभारित मेदावर आयन घट्ट बसला, पण जवळ ही अमिनो आम्ले नसली, तर तो जवळजवळ दिसतच नाही. गढूळपणा हा टर्बियम फॉस्फेटचा साका आहे. माझा त्यात एक आठवडा वाया गेला होता. फॉस्फेट नसलेले हेपेस बफर घ्या.

उत्तर २:
२८० नॅनोमीटरच्या विखुरलेल्या प्रकाशाची दुसरी कोटी (उपकरणातील जाळीमुळे दुप्पट तरंगलांबीला दिसणारी खोटी खूण) ५६० नॅनोमीटरला उमटते आणि पटलांचा द्राव प्रकाश भरपूर विखुरतो, म्हणून उत्सर्जनाच्या वाटेवर अतिनील प्रकाश अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय आकड्यांवर विसंबू नये. त्यानंतर कॅल्शियम वाढवत जाऊन चमक उतरते का, म्हणजे ते टर्बियमला त्याच जागेवरून हटवते का, ते पाहा. त्रिभारित आयन बहुधा अधिक घट्ट बसतो, त्यामुळे कॅल्शियम बरेच जास्त लागेल. थोड्याने चमक उतरली नाही, एवढ्यावरून ती जागा कॅल्शियमची नाही असे ठरत नाही.

उत्तर ३:
मला विचाराल तर तीव्रतेपेक्षा चमकेचा आयुःकाल (प्रकाश थांबल्यावर ती किती वेळ टिकते) मोजावा. पाण्यातील मोकळ्या टर्बियमचा तो सुमारे ०.४ मिलिसेकंद असतो, तर जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) ३ मिलिसेकंदांहून अधिक, कारण साध्या पाण्यातील ओ-एच बंधांची कंपने त्याची ऊर्जा ओढून घेतात. या फरकावरून आयनाला पाण्याचे किती रेणू चिकटले आहेत, हे काढण्याची रीत हॉरॉक्स आणि सडनिक या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडली. शिवाय प्रथिनांची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांतच विझते, तेव्हा ०.१ मिलिसेकंद थांबून मोजले तर ती आणि विखुरलेला प्रकाश दोन्ही गळून पडतात. जिवंत चेतापेशींवर काम करणार असाल, तर हे आयन कॅल्शियमच्या वाहिन्या अडवतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्नकर्ती:
सर्वांची आभारी आहे. हेपेस बफर घेऊन फिल्टर लावला, तेव्हा ५६० चा उंचवटा गेला, ५४५ चा राहिला, आणि धातूचे आयन पकडून ठेवणारे ईडीटीए घालताच तोही उतरला. आता जड पाण्यातील मोजणी करते.