शब्दचर्चा : ‘कव्हर लेटर’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘लायकी’ लिहावी का?

प्रश्न

येथे बडोद्यात एका मराठी संस्थेच्या ग्रंथालयात साहाय्यकाची जागा निघाली असून सीव्ही आणि कव्हर लेटर मराठीतच पाठवावे, अशी अट जाहिरातीत आहे. माझ्या भाचीला अर्ज करायचा आहे. तिचे सगळे शिक्षण गुजराती माध्यमातून झाले. मराठी आहे ती घरातली, दांडिया बाजारातली. तिने कागदाच्या माथ्यावर ‘बायोडेटा’ असे लिहिले, तेव्हा तिच्या आजोबांनी चष्मा सावरत विचारले, “स्थळ कुठलं आहे?” तेव्हापासून तो शब्द बाद झाला. सीव्हीला ‘जीवनवृत्त’ म्हणावे का? आणि कव्हर लेटरला ‘आवरणपत्र’ सुचवले गेले आहे, पण त्याने पांघरूण डोळ्यांसमोर येते. ‘मुखपत्र’ चालेल का?

उत्तर

‘मुखपत्र’ मुळीच नको. ते पक्षाचे किंवा संस्थेचे असते, उमेदवाराचे नसते. कोणी ‘सहपत्र’ सुचवील, तेही नको, कारण कार्यालयीन मराठीत सहपत्र म्हणजे पत्रासोबत जोडलेला कागद. म्हणजे इथे सीव्ही हेच सहपत्र ठरते आणि अर्थ नेमका उलटा होतो.

माझ्या मते या शब्दाची अडचण मुळात वेगळीच आहे. ‘अर्ज’ हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘समोर मांडणे’ असा आहे. पूर्वी आपण अर्ज ‘लिहीत’ होतो, आणि तो पत्रच असे : प्रति, विषय, महोदय, मजकूर, सही. पुढे छापील नमुने आले आणि आपण अर्ज ‘भरू’ लागलो. अर्ज म्हणजे चौकटींचा कागद असा अर्थ रूढ झाला आणि जे पत्र मुळात अर्ज होते, तेच बिननावाचे राहिले. त्यामुळे नवा शब्द घडवण्याआधी जुन्याला त्याची जागा परत द्यावी, असे मला वाटते. बोलताना ‘अर्जाचे पत्र’ म्हणावे. पत्राच्या माथ्यावर तर यांतले काहीच लिहू नये. ‘विषय : ग्रंथालय साहाय्यक पदासाठी अर्ज’ एवढी ओळ पुरते.

सीव्हीचे म्हणाल, तर ‘करिक्युलम व्हिटे’ हे लॅटिन आहे. पहिला शब्द धावण्याच्या धातूवरून आला आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘जीवनाची’ असा आहे, म्हणजे सगळे मिळून ‘आयुष्याची धाव’. आपले ‘चरित’ चालण्याच्या धातूवरून आले. ते धावले, आपण चाललो, एवढाच फरक. ‘जीवनवृत्त’ चूक नाही, पण तो शब्द स्मरणिकेत दिवंगत व्यक्तीच्या छायाचित्राखाली इतक्या वेळा वाचला आहे, की बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने तो स्वतःसाठी वापरू नये असे वाटते. ‘परिचयपत्र’ लिहावे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाला हिंदीच्या सवयीमुळे त्यातून ओळखपत्राचा भास होईल, पण बडोद्यात ती अडचण नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आभारी आहे. तिच्या परिचयपत्रातल्या आणि पत्रातल्या काही ओळी जशाच्या तशा देते. ‘लायकी : बी.कॉम., तसेच ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम.’ ‘वडिलांचा धंदा : छपाई.’ ‘सोसायटीच्या वाचनालयातील पुस्तकांसाठी मी जबाबदार होते आणि वाचकांना हाताळले.’ पत्राची सुरुवात ‘सविनय जय भारतसह कळवायचे की’ अशी आहे आणि शेवट ‘कळावे, लोभ असावा’ असा.

उत्तर

गुजरातीत ‘लायकात’ हा पात्रतेसाठी रोजचा शब्द आहे आणि तो सरकारी जाहिरातींतही असतो. मराठीत मात्र ‘लायक’ चालतो, ‘लायकी’ला भांडणाचा वास येतो, ‘तुझी लायकी काय?’ हे वाक्य कोणी कौतुकाने म्हणत नाही. तिथे ‘शैक्षणिक पात्रता’ किंवा नुसते ‘शिक्षण’ लिहावे. ‘धंदा’ही तसाच : गुजरातीत तो प्रतिष्ठेचा आहे, मराठीत ‘हे काय धंदे चालवलेत?’ असे विचारतात. ‘व्यवसाय’ करावा, किंवा ती ओळच काढावी, कारण नोकरी मुलीला हवी आहे, वडिलांना नव्हे.

‘जबाबदार’ आणि ‘हाताळले’ यांचा दोष गुजरातीचा नाही, तो इंग्रजी नमुन्यांवरून केलेल्या भाषांतराचा आहे. ‘पुस्तकांसाठी मी जबाबदार होते’ हे मराठीत कबुलीजबाबासारखे वाचले जाते. वाचणाऱ्याला वाटते, पुस्तके हरवली असावीत. वाचकांना ‘हाताळले’ म्हणजे तर हात उगारल्यासारखे झाले. नेमके काय केले, ते क्रियापदाने सांगावे : ‘सोसायटीच्या वाचनालयातील सुमारे १२०० पुस्तकांची संगणकावर नोंद केली. देवघेवीची वही दोन वर्षे सांभाळली.’ पुस्तकांचा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे, तिने खरा घालावा. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ अशी विशेषणांची रांग असली, तर ती मग आपोआप गळेल, कारण १२०० नोंदी केल्या म्हटल्यावर कष्टाळू म्हणण्याची गरजच उरत नाही.

यात मराठीच्या व्याकरणाची एक सोय आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्मणी प्रयोग होतो : ‘नोंद केली’, ‘वही सांभाळली’, ‘कपाटे लावली’. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘मी’ गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही आणि कर्ता पुरुष की स्त्री, हेही उघड होत नाही. परिचयपत्राला हीच वाक्यरचना शोभते. पत्रात मात्र ‘मी’ यायलाच हवा, कारण तिथे माणूस माणसाशी बोलत असतो.

‘सविनय जय भारतसह’ हा गुजराती कार्यालयीन पत्रांचा रिवाज आहे, तो गुजरातीत ठीक दिसतो. मराठीत ‘महोदय’ लिहून थेट विषयावर यावे. ‘लोभ असावा’ हे मावशीला लिहावे. संस्थेला ‘आपली विश्वासू’.

आणखी एका वाचकाचे मत

मी आक्षेप नोंदवतो. आमची मराठी गुजरातीच्या शेजारात वाढली आहे आणि तिला सतत पुण्याच्या फुटपट्टीने मोजणे बरे नाही. याच संस्थानात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला आणि त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत असे अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडले गेले. आपणच आता ‘लायकी’ला हाकलायचे का?

उत्तर

शेजाराला माझी हरकत नाही. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘उमेदवार’ फारसीतून, आणि दोन्ही भाषांनी ते सुखाने वापरले. ‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा. एखाद्या कचेरीत नोकरीच्या आशेने बिनपगारी काम शिकणाऱ्यालाही उमेदवार म्हणत, ती छटा ‘उमेदवारी करणे’ यात अजून शिल्लक आहे. बोलण्यात ‘लायकी’ खुशाल राहू द्या. पण शब्दकोश पर्याय शेजारी ठेवतो, अर्ज वाचणाऱ्याला मात्र एकच शब्द दिसतो, आणि त्या क्षणी तो खटकला तर आपल्या शेजाराची हकिकत सांगायला भाची तिथे नसते.

प्रश्नकर्तीचा शेवटचा प्रश्न

पत्राच्या अखेरीस ती लिहिते, ‘निवड झाल्यास तरत हाजर थईन’. मी ते ‘लगेच हजर होईन’ असे केले आहे. बरोबर आहे ना?

उत्तर

‘हजर’ मुलाखतीला होतात, कामावर ‘रुजू’ होतात. ‘लगेच’च्या जागी तारीख लिहावी : ‘निवड झाल्यास १ जुलैपासून रुजू होऊ शकेन.’