मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) कमी आलीय, सांध्याची गोळी नडली का? (बजेट दीड हजार)

औश्याचा_गडी: राम राम. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा हलेना. वीर्य तपासलं, काउंट (शुक्राणूंची संख्या) बरा हाय पण मोटिलिटी १८ टक्के. संधिवाताची सल्फासॅलाझिन चालू हाय, तिच्यामुळं असं होतं का? परत कुठं तपासू? सगळं मिळून दीड हजारात बसवा.

नांदेडी_भाऊ: दीड हजारात काय होतंय? सरळ पुणं गाठ. आमचे साठ हजार गेले पण आता पोरगी हाय घरात.

बीडचा_पैलवान: मला जिमवाल्यानं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचलं, दंड फुगले अन रिपोर्टात शुक्राणूच नाहीत. बाहेरून मिळालं की मेंदू अंडकोषाला कामच सांगत नाही म्हणे. त्या नादी लागू नको.

परळीवाला: त्यानं इंजेक्शनचं इचारलंच नाही राव. गुटखा खातो का?

औश्याचा_गडी: गुटखा नाही. तंबाखू, थोडी.

परळीवाला: सगळे थोडीच म्हणतेत.

जालन्याची_ताई: आमचं मेडिकल आहे. सल्फासॅलाझिननं काउंट अन हालचाल दोन्ही उतरतात, बंद केल्यावर बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत परत येतं. २०२१ च्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) पुस्तकात हालचालीची खालची मर्यादा ४२ टक्के आहे. पण भाऊ, मनानं बंद करू नका, सांधे धरतील. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच सांगा, लेकरू पाहिजे, दुसरी द्या.

हिंगोलीकर: इंग्रजी गोळ्याच वाईट. सफेद मुसळी दुधात घे.

जालन्याची_ताई: अन पुडीत काय मिसळलंय ते कोण सांगणार?

धाराशिवचा_मास्तर: नमुना कसा दिला? आमच्या पाहुण्यानं डबी भर उन्हात गाडीच्या डिकीत टाकून नेली, सगळे मेलेले निघाले, घरात रडारड. खिशात उबेला ठेवून तासाच्या आत पोचवायची, आधी २ ते ७ दिवस संबंध नको, अन साध्या कंडोममध्ये नमुना घ्यायचा नाही.

नांदेडी_भाऊ: पुण्यात तिथंच खोली देतेत.

औश्याचा_गडी: पुणं जमत नाही, मुसळी बी नको. ताईंचं पटलं, पण सोयाबीन काढणीला आलंय, आत्ता गोळी बदलली अन हात धरले तर रास कोण करील? दिवाळी झाल्यावर डॉक्टरला इचारतो.

जालन्याची_ताई: मग तपासणी शिवरात्रीच्या आसपासच करा. नवा शुक्राणू तयार व्हायलाच ७० च्या वर दिवस जातात, त्याआधी केली तर पैसे पाण्यात.