घरातल्या कॅसेट आणि गाण्यांच्या वह्या: सर्वांसाठी खुल्या कराव्यात का?

सूरपेटी:
गावाचं किंवा वस्तीचं संगीत ज्यांनी जिवंत ठेवलं, त्यातल्या बहुतेकांची तबकडी कधी निघालीच नाही. त्यांचा पुरावा घरातच सापडतो: गाण्यांची वही, कार्यक्रमाची पत्रिका, पाठीमागे नावं लिहिलेला फोटो, घरी भरलेली कॅसेट. एका घरच्या फोटोतले चेहरे दुसऱ्या घरच्या वहीमुळे ओळखू येतात, म्हणून हे सगळं एकत्र यायलाच हवं. मूळ वस्तू घरीच राहू द्या, प्रती काढा आणि सर्वांसाठी खुल्या करा. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २००८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या घरगुती आठवणी अशाच गोळा केल्या आणि २०११ पासून युरोपियाना या युरोपच्या डिजिटल वारसा-संग्रहाने ती पद्धत इतर देशांत नेली. मग संगीतासाठी का नको?

फीतवाला:
‘मूळ वस्तू घरीच’ याला माझा ठाम विरोध. वही कपाटात टिकेल, फीत टिकणार नाही. दमट हवेत फितीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्य ओलावा शोषतं, फीत चिकट होते आणि वाजवताना थर खरवडून निघतो. ‘एकदा लावून तर बघू’ म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरवर चढवलेली फीत तिथेच संपू शकते. शिवाय फीत वाजवणारी चांगली यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. युनेस्कोने २०१९ मध्ये याच कारणासाठी जगभर चुंबकीय फितींची माहिती मागवली होती. घरी लोक एमपी३ करून मोकळे होतात, त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गळतो. संग्रहालयात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल होते, म्हणजे आवाज न गाळता बारकाईने उतरवलेली प्रत. फिती तिथे द्या.

सूरपेटी:
आणि तिथे लेबल लागतं ‘अज्ञात गायिका’! तिचं नाव सांगणारी नात घरात बसलेली असते, तिला विचारायला कुणी जात नाही. फीत तज्ज्ञाकडून उतरवून घ्या, मान्य. पण माहिती घरातूनच येणार आणि ते गाणं ऐकायला नातीला अर्ज करावा लागू नये.

उंबरठा:
दोघंही ‘खुलं’ किंवा ‘जमा’ एवढंच बोलताय. परवानगीचं काय? १८९० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या तिथल्या मूळनिवासी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर, म्हणजे त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या साधनावर, भरली. कितीतरी दशकं ती संस्थांकडेच राहिली. त्यातलं कोणतं गाणं सर्वांनी ऐकावं आणि कोणतं समाजापुरतं ठेवावं, हे आता तो समाज ठरवतो. कॅसेट मुलाच्या ताब्यात असते, पण तिच्यावर आवाज चार घरच्या बायकांचे असतात. एकट्या मुलाने ‘हो’ म्हणून भागणार नाही.

सूरपेटी:
तरी प्रत्येक वारसाची सही मिळेपर्यंत थांबायचं, हे मला पटत नाही. तोवर आवाज ओळखणारी माणसंच राहणार नाहीत.

उंबरठा:
थांबा असं मी म्हणतच नाही. आज उतरवून घ्या, म्हाताऱ्यांना ऐकवा, कोण गातंय ते त्यांच्याच आवाजात नोंदवा. फक्त जगासमोर ठेवण्याआधी त्या चारही घरांत विचारा. एकाही घराने नको म्हटलं, तर ते गाणं गावापुरतं राहू द्या.

फीतवाला:
नोंदवा, पण त्या बैठकीत मूळ कॅसेट लावू नका. उतरवलेली प्रतच ऐकवा.