मदत हवी आहे: चिन्हमीमांसेची (चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो त्या अभ्यासाची) असाइनमेंट, सोमवारी द्यायची आहे

गोदाकाठची_मृ: असाइनमेंट परत आली. शेरा एकच: "हे वर्णन झालं, अर्थ कसा तयार होतो ते लिहा." सोस्यूर, पर्स, बार्थ, चिन्हांवर लिहिणारे हे विचारवंत सगळे वाचलेत. पण शॉटला लावायला गेलं की "पाणी इथे, मूर्ती इथे" याच्या पुढे गाडी जात नाही. लिंका नकोत, कसं लिहायचं ते सांगा. प्लीज लवकर.

अक्षरजुळारी: कोणता सिनेमा? कोर्स कसला? शॉटमध्ये काय आहे? काहीच लिहिलेलं नाही.

संकलक_सिडको: सिनेमा कोणताही असो, अर्थ कटमध्ये असतो. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाच्या त्याच कोऱ्या चेहऱ्यापुढे सूप, शवपेटी आणि बाई असे शॉट जोडले. लोकांना तोच चेहरा भुकेला, दुःखी, आसक्त वाटला. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पाठवणीत आईच्या रडण्याला जोडून बापाचा साधा चेहरा लावला तरी तो गहिवरलेला दिसतो. हेच लिही.

गोदाकाठची_मृ: डिझाइन, दुसरं वर्ष. आमचीच शॉर्टफिल्म आहे, पुरावर. एक शॉट आणि पोस्टर, दोन्हींवर लिहायचंय. संकलकदादा, शॉटमध्ये कटच नाही, तिथेच तर अडलंय.

मखमलाबादकर: सिनेमातच जायचं असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून कर. माझा भाचा उशिरा जागा झाला. नाशिकला परंपरा आहे, फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा.

गोदाकाठची_मृ: काका, प्रवेशाचं नाही विचारलं. शॉट: नाशिकला गोदावरीतली दोन तोंडांची मूर्ती, दुतोंड्या मारुती, पाणी छातीपर्यंत, कॅमेरा स्थिर. पोस्टरवर तीच फ्रेम.

पंचवटीची_जुनी: अगं, हे आधी सांगायचं ना! पुराच्या दिवशी आपल्याकडे विसर्ग किती क्युसेक ते कोण विचारतं? "मारुतीच्या कुठवर आलंय?" हाच प्रश्न. पर्सने सांगितलेले चिन्हांचे तिन्ही प्रकार या एका मूर्तीत आहेत. हनुमानाचं रूप दिसतं, साम्य आहे, तो आयकॉन. पाण्याची पातळी पुरामुळेच चढते, कार्यकारण आहे, म्हणून इंडेक्स. शेंदरी रंग पाहिला की मारुती ओळखायचा हा आपला संकेत, तो सिम्बॉल. आता पुढची पायरी. छातीपर्यंत पाणी पाहून नाशिककराला पाणी शिरणार म्हणून सराफ बाजारातली धावपळ दिसते, नागपूरकराला फक्त बुडालेली मूर्ती. बार्थने १९६४ च्या लेखात पास्त्याच्या जाहिरातीबद्दल हेच म्हटलंय: त्यातलं "इटालियनपण" फ्रेंच माणसाला जाणवतं, खुद्द इटालियनाला फारसं नाही. अर्थ वाचणाऱ्याच्या माहितीवर उभा राहतो. तुझ्या लिखाणात हा वाचणारा कुठेच नसणार.

संकलक_सिडको: म्हणूनच म्हणतो, आधी दुकानाचं शटर ओढतानाचा शॉट जोडा. नागपूरकरालाही कळेल.

पंचवटीची_जुनी: तिला विश्लेषण लिहायचंय, फिल्म परत कापायची नाही.

संकलक_सिडको: मग नुसता शॉट परक्या माणसाला मुका राहतो, हेही तिने लिहावं.

अक्षरजुळारी: पोस्टरवर शब्द काय आहेत?

गोदाकाठची_मृ: फिल्मचं नाव, "छातीपर्यंत". खाली आमची नावं.

अक्षरजुळारी: मग पोस्टर वेगळं काम करतंय. चित्राचे दहा अर्थ निघू शकतात, शब्द त्यातला एक पक्का करतात. बार्थ त्याला नांगर टाकणं म्हणतो. "छातीपर्यंत" वाचल्यावर परक्याची नजरही पाण्याच्या रेषेवर जाते, मूर्ती मोजपट्टी होते. निव्वळ संकेताचं उदाहरण हवं असेल तर खाण्याच्या पाकिटावरची शाकाहार-मांसाहाराची खूण घे. मांसाहारासाठी आधी तपकिरी ठिपका होता. २०२० च्या नियमांत त्याचा त्रिकोण केला, कारण रंगांधळ्याला हिरवा आणि तपकिरी ठिपका वेगळा ओळखू येत नव्हता.

मखमलाबादकर: कुंभमेळ्याच्या पाट्यांनाही असंच डोकं लावायला हवं. भाविक देशभरातून येणार, मराठी सगळ्यांना कुठे वाचता येतं?

गोदाकाठची_मृ: असं सुरू करू का: "या शॉटमध्ये पाणी दिसत नाही, पाण्याची उंची दिसते. ती वाचता येते कारण शहराने मूर्तीला माप ठरवलं आहे."

पंचवटीची_जुनी: हेच हवं. दुसरं तोंड फ्रेममध्ये आहे का?

गोदाकाठची_मृ: नाही. घाटावर सोडत नव्हते, लांबून झूम केलंय.

पंचवटीची_जुनी: मग तेही घे. जे निवडलं नाही त्याच्याशी असलेल्या फरकातून निवडलेल्याला अर्थ येतो, सोस्यूरचा सगळा भर तिथेच आहे. दोन तोंडांच्या मारुतीचं एकच तोंड दाखवलंत, तर बघणारा प्रवाहाच्या कुठल्या बाजूला उभा राहतो ते लिही.

संकलक_सिडको: आणि झूममुळे मागची देवळं मूर्तीला चिकटल्यासारखी दिसत असतील. त्यावर एक परिच्छेद होतो.