मदत हवी आहे : धारेचे टवके उडतात, दोष पोलादाचा की पाणी देण्याचा?

नमस्कार मंडळी,

वर्षभर सुट्टीच्या दिवशी कोळशाच्या छोट्या भट्टीवर सुऱ्या घडवतोय. पोलाद गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं. पहिल्या तीन बऱ्या निघाल्या, चौथीपाशी अडलोय.

पातं १५ सेंमी, पाठीला ४ मिमी. पाणी देण्याआधी, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवून टणक करण्याआधी, धारेची बाजू १ मिमी जाड ठेवली होती. भर दुपारी अंगणात तापवलं. लोहचुंबक चिकटेनासं झालं, तरी रंग फिका वाटला म्हणून आणखी दोनतीन मिनिटं आगीत राहू दिलं. मग ५० अंशांपर्यंत गरम केलेल्या तेलात बुडवलं. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पातं टणक झालं. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला मंद तापवणं) केलं.

कागद सुरेख कापते. पण वाळक्या लाकडावर दहाबारा वार केले आणि भिंगातून पाहिलं, तर धारेचे अर्ध्या अर्ध्या मिमीचे टवके गेलेले. धार मुडपली असती तर पातं मऊ राहिलं म्हटलं असतं. ही तुटते आहे.

पोलाद बदलून १०९५ किंवा ५२१०० या प्रकारचं घेऊ? की टेंपरिंग २८० पर्यंत नेऊ? या पात्यावर तीन आठवडे गेलेत, टाकून द्यायचं जिवावर येतंय.

ऐरण :
आधी पोलाद बदलू नका. त्याच पाट्याचा तुकडा उरलाय का? अगदी तसाच तापवून तेलात बुडवा, टेंपर न करता शेगड्यात धरून मोडा. डोळ्यांना चष्मा हवाच, कपची उडते. मोडलेला भाग कसा दिसतो ते सांगा.

धागाकर्ता :
मोडला. काचेसारखा टचकन गेला. आत साखरेसारखे चमकणारे दाणे आहेत.

ऐरण :
मग उत्तर मिळालं. जास्त तापल्याने पोलादाच्या आतला कण वाढलाय, म्हणून ते ठिसूळ झालंय. चांगल्या पोलादाचा मोड राखाडी, मखमलीसारखा दिसतो, दाणा सुटा दिसत नाही.

चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतं. पाट्याचं पोलाद ५१६० असेल तर त्याला साधारण ८३० पुरतात. उन्हात लाल रंग असतो त्यापेक्षा मंद दिसतो, म्हणून तुम्ही तापवत राहिलात आणि बरेच पुढे गेलात. टेंपरिंगने वाढलेला कण बारीक होत नाही. २६० च्या पुढे तर उलट ठिसूळपणा वाढण्याचा पट्टा लागतो, तिकडे जाऊ नका.

पातं वाचेल. मूठ काढा, टवके जातील इतकं घासून धारेची बाजू परत १ मिमीवर आणा. पातं थोडं अरुंद होईल, त्याला इलाज नाही. मग कण बारीक करायला तीनदा नॉर्मलायझिंग (तापवून हवेत गार करणं) : सुमारे ८७०, मग ८१५, मग ७६०. दरवेळी शांत हवेत काळं पडेपर्यंत गार होऊ द्या. हे सगळं संध्याकाळी, अंधुक उजेडात. भट्टीत लोखंडी नळी ठेवून तिच्या आत पातं तापवा, ताव सगळीकडे सारखा लागतो.

निखारा :
पोलादाबद्दल थोडं. ५२१०० ला ठरावीक तापमानावर दहा मिनिटं स्थिर धरावं लागतं, कोळशावर ते साधणं फार अवघड. १०९५ ला फार वेगवान तेल लागतं, सेकंदभरात ५४० च्या खाली उतरलं नाही तर अर्धवट टणक होतं. बदलायचंच झालं तर १०८४ घ्या, ते चुका पोटात घालतं. आणि जुन्या पाट्यात वापराने आलेल्या बारीक भेगा असू शकतात. प्रत्येक पाटा ५१६० चा नसतो, काही सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचेही असतात, तेव्हा एका पाट्याचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

धागाकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दुसऱ्या तुकड्यावर तीनही फेऱ्या केल्या. अंधारात रंग इतका वेगळा दिसतो हे पहिल्यांदा कळलं, दुपारचा माझा 'फिका' ताव म्हणजे जवळजवळ नारिंगी असणार. पाणी देऊन मोडला : राखाडी, दाणा दिसत नाही, मोडायलाही जास्त जोर लागला. मूठ काढली आहे. पातं शनिवारी.