वजन ४६, तरी फोटोत जाडीच दिसते, अजून २-३ किलो कसे कमी करू?

पोस्ट: पेठेतली_पाहुणी
एमएस्सी फर्स्ट इयर, पुण्यात कॉट बेसिसवर राहते. उंची १५८, वजन ४६, घरून आले तेव्हा ५२ होतं. मैत्रिणी म्हणतात वाळलीयेस पण परवा ग्रुप फोटो आला तर मी झूम करून आधी स्वतःचे दंडच बघितले आणि रात्री मेसला गेलेच नाही, चहा-बिस्किटावर भागवलं. भात बंद, पोळी एकच. केस खूप गळतायत. कॉलेजच्या कॅम्पात एचबी (हिमोग्लोबिन) ९.८ आलं, लोहाच्या गोळ्या दिल्या पण त्याने वजन वाढतं म्हणे, म्हणून पाकीट तसंच पडलंय.

लिंबू_पिळा
अगं कमी कुठे करतेस! बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.४ येतो तुझा, १८.५ च्या खाली अंडरवेट. एचबी बायकांचं १२ तरी हवं. एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या, त्यामुळे 'सगळ्यांचंच कमी असतं' म्हणून सोडून द्यायची सवयच लागलीये आपल्याला. लोहाच्या गोळीने वजन वाढत नाही, शी काळी होते, कधी पोट बिघडतं, बस. लोह अंगी लागायला जेवणावर लगेच चहा नको, जेवणात लिंबू पिळ.

काडीपैलवान
माझं उलटं, सुकट सुकट ऐकून मेसपेक्षा जास्त पैसे पावडरच्या डब्यांवर घातले, पोट सुटलं, दंड तेवढेच 😅 बाय द वे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेला, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून बघून काय कळणार? आणि उपाशी राहून नुसती चरबी नाही जात, स्नायूपण जातात, मग दंड लिबलिबीतच दिसणार ना.

मावशी_नाशिककर
बाळा, पाळी वेळेवर येते का?

पेठेतली_पाहुणी
दोन महिने नाही आली मावशी. परीक्षेचं टेन्शन असेल म्हणून कुणाला बोलले नाही.

मावशी_नाशिककर
मग ह्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पाळीचं नि वजनाचं दोन्ही सांग, लपवू नकोस. आणि ते झूम करून दंड बघणं काउन्सेलरच्या कानावर घाल. कॉलेजात नसेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पेठेतली_पाहुणी
उद्याची अपॉइंटमेंट घेतली. आज मेसमध्ये दोन पोळ्या मागितल्या तर काकू म्हणाल्या, कोणी पाहुणं आलंय का गं?